हाताचा दोष आणि विमानाचा दोष



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता, फार तर नवे कामगार कायदे यांवर बोलेल, असा चालकांचा अंदाज असावा. दोन तारांच्या टोकाला बांधून उडवायचे लहान विमान हा आमचा विषय आहे असे आम्ही कळवले, तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. दिवसभर गेट-मीटिंगा आणि वाटाघाटी करणारा, पन्नाशी उलटलेला माणूस रविवारी सकाळी मैदानावर विमान उडवतो, हे ऐकून आमच्या घरच्यांनाही प्रथम हसूच आले होते.

आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. यंत्र बिघडले की दोष कोणाचा, यंत्राचा की ते चालवणाऱ्या हाताचा, हा प्रश्न आमच्या कामात रोज उभा राहतो. तो तेथे रागाने विचारला जातो आणि रागानेच त्याचे उत्तर दिले जाते, कारण कोणाची तरी नोकरी पणाला लागलेली असते. हाच प्रश्न शांतपणे आणि पुराव्याने सोडवण्याची रीत आम्हांला या मैदानावर शिकायला मिळाली. ती आज आपल्यापुढे मांडायची आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगितले पाहिजे. बाल्सा नावाच्या अत्यंत हलक्या लाकडाचे, सुमारे सव्वा मीटर पंखांचे आणि किलो-सव्वा किलो वजनाचे हे विमान असते. नाकावर लहानसे इंजिन. डाव्या पंखाच्या टोकातून पोलादाच्या दोन बारीक तारा बाहेर येतात, त्या वीसएक मीटर लांब असतात आणि त्यांचे दुसरे टोक मैदानाच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या हँडलला अडकवलेले असते. विमान त्या माणसाभोवती वर्तुळात फिरते आणि माणूस त्याच्याबरोबर जागच्या जागी वळत राहतो. विमानाच्या पोटात बेलक्रँक नावाची एक कळ असते. मनगट वर उचलले की एक तार ओढली जाते, कळ फिरते आणि शेपटीतली हलती फळी वर होते. विमान नाक वर करते. मनगट खाली झुकवले की नाक खाली. कसरतीच्या विमानात पंखांच्या मागच्या कडेलाही हलत्या फळ्या असतात, त्यांना फ्लॅप म्हणतात. त्या शेपटीच्या फळीशी जोडलेल्या असून तिच्या उलट दिशेने हलतात, म्हणजे विमान चटकन वळते आणि वळताना दबत नाही. सारे नियंत्रण एवढेच. उजवे-डावे करण्याची सोय नाही, ब्रेक नाही. माणसाच्या मनगटात आणि विमानाच्या शेपटीत दोन तारांखेरीज काही नाही.

या खेळाचा जन्म अमेरिकेतला. ओरेगन राज्यातल्या ओबा सेंट क्लेअर या गृहस्थांनी १९३० नंतरच्या दशकात तारांनी आवरलेले विमान उडवून दाखवले. त्याच राज्यातल्या पोर्टलंड शहराचे जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास ‘फायरबॉल’ नावाचे विमान बाजारात आणले, या पद्धतीला ‘यू-कंट्रोल’ असे नाव दिले आणि तिचे पेटंटही घेतले. पुढे १९५५ च्या सुमारास वॉकर आणि कॉक्स या उत्पादकांत त्या पेटंटवरून कोर्टात दावा चालला. त्यात सेंट क्लेअर यांचे आधीचे काम पुढे आले आणि वॉकरचे पेटंट टिकले नाही. कसरतीच्या विमानांत जॉर्ज ऑल्ड्रिच यांचे ‘नोब्लर’ हे नाव फार मोठे. पन्नास इंच पंखांच्या या विमानाचा संच टॉप फ्लाइट कंपनीने १९५७ साली विक्रीला काढला आणि एका पिढीने त्यावर हात बसवला. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात मुलांना लहान विमाने करायला आणि उडवायला शिकवतात, आणि वायुसैनिक शिबिरांच्या स्पर्धांत तारेवरच्या विमानांनाही स्थान आहे. आमच्या मैदानावर येणारी निम्मी मंडळी त्याच वाटेने आलेली आहेत. उरलेली टूलरूममधली आणि मेंटेनन्समधली.

कसरतीच्या स्पर्धेत विमानाने ठरलेल्या आकृत्या ठरलेल्या क्रमाने काढायच्या असतात. कोलांट्या सुलट आणि उलट; मग चौकोनी कोलांट्या, त्रिकोणी कोलांट्या, आडवे आठ, उभे आठ, वाळूच्या घड्याळाची आकृती, डोक्यावरचे आठ आणि शेवटी चार पाकळ्यांचे पान. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हे सारे सात मिनिटांत उरकून उतरायचे. सरळ उड्डाण जमिनीपासून दीड मीटरवर, बहुतेक आकृत्यांचा माथा पंचेचाळीस अंशांवर आणि चौकोनाचे कोपरे चौकोनासारखे दिसले पाहिजेत. ताशी पंचाऐंशी किलोमीटरने जाणाऱ्या वस्तूकडून, तीही जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, हे करून घ्यायचे आहे. विमान अगदी नेमके जुळवलेले असल्याखेरीज हे साधत नाही. या जुळवणीला ट्रिमिंग म्हणतात. आजचे बोलणे त्याविषयीच आहे.

जुळवणीच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, ती ज्याने शेतावर गोफण फिरवली त्याला ठाऊक आहे. दगड फिरतो तोवर दोरी ताणलेली राहते. वेग कमी झाला की दोरी ढिली पडते. आमच्या विमानाला वीस मीटर तारांवर एक फेरी मारायला सव्वापाच सेकंद लागतात असे धरा. हिशेब केला तर ते आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट जोराने हात ओढते. अकराशे ग्रॅमचे विमान तीन किलोंहून थोडे अधिक. ते डोक्यावर आले की त्याचे स्वतःचे वजन उलट बाजूने लागते आणि ओढ दोन किलोंवर येते. आता फेरी सात सेकंदांवर गेली असे समजा. डोक्यावरची ओढ जेमतेम सातशे ग्रॅम उरते. त्यात समोरून वाऱ्याचा एक झोत आला की तारा सैल पडतात, आणि तारा सैल पडल्या की हातात हँडल असूनही विमान आपले राहत नाही. म्हणून तारांचा ताण हे या खेळातले पहिले भांडवल. ज्या जुळवणीने ताण घटतो ती कितीही सोयीची वाटली तरी सोडून द्यायची.

विमान जमिनीवर असतानाच निम्मे दोष सापडतात. पंख आणि शेपटी एका पातळीत आहेत का ते समोरून एक डोळा मिटून पाहावे, जसा गवंडी ओळंबा पाहतो. फ्लॅप मध्यावर असताना शेपटीची फळीही मध्यावरच हवी. बिजागऱ्या इतक्या मोकळ्या हव्यात की तारा सोडल्यावर फळ्या आपल्या वजनाने खाली पडाव्यात. दोन्ही तारांची लांबी अशी हवी की मनगट सहज स्थितीत असताना फळ्या बरोबर मध्यावर असतील. मग ओढ-परीक्षा: विमानाच्या दसपट वजनाइतकी ओढ तारा, हँडल आणि बेलक्रँक या सर्वांनी सहन केली पाहिजे, असा स्पर्धांचा नियम आहे. अकराशे ग्रॅमच्या विमानाला अकरा किलो. प्रत्यक्षात तीन-साडेतीन किलो ओढ येते, मग अकरा कशाला, असे नवी मुले विचारतात. क्रेनच्या साखळीलाही प्रत्यक्ष ओझ्याच्या कितीतरी पट ताकद ठेवतात, ती काय हौस म्हणून नव्हे, एवढेच उत्तर आम्ही देतो. हँडलचा फास मनगटात अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही. आणि मैदानाच्या आसपास विजेच्या तारा असतील तर तेथे विमान बाहेरच काढायचे नाही. आमच्या तारा पोलादाच्या आहेत. त्या विजेच्या तारेला लागल्या तर प्रवाह थेट हातात येतो. या बाबतीत आमच्या मैदानावर चर्चा होत नाही, सवलत नाही आणि वयाचा मानही नाही.

आणखी एक गोष्ट जमिनीवरच ठरवायची, ती वजनाचा मध्य. बैलगाडीचा दाखला घ्या. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळते, पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर बसते. विमानाचेही तसेच. नाक जड असले तर ते सुस्त, पण शहाणे असते. शेपटी जड असली तर चपळ, पण कोणाचे न ऐकणारे. म्हणून पहिल्या उड्डाणाला नाक थोडे जडच ठेवावे आणि पुढे पाच-पाच ग्रॅमने मध्य मागे न्यावा. सुस्त विमान घरी परत येते.

पहिल्या उड्डाणात कसरत करायची नाही. सरळ फेऱ्या मारायच्या आणि पाहायचे. सर्वांत आधी इंजिन, कारण इंजिन रोज वेगळे चालले तर बाकी कशाचाही पडताळा घेता येत नाही. जुन्या फॉक्स पस्तीससारख्या इंजिनांची एक गंमत अशी की इंधन थोडे जास्त सोडून लावले तर सरळ उड्डाणात ते एक ठोका सोडून एक ठोका पेटते, आवाज जाडा आणि संथ येतो. विमानाने नाक वर केले की मिश्रण पातळ होते, प्रत्येक ठोका पेटतो आणि जोर वाढतो. चढ लागला की चांगला बैल न सांगता मान खाली घालतो, तसे. आता पुष्कळ लोक विजेची मोटर वापरतात. तिच्यात फेऱ्यांचा वेग राखण्याचे काम इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर करतो. साधन कोणतेही असो, घड्याळ लावून दहा फेऱ्यांचा वेळ घ्यायचा, दहाने भागायचे आणि वहीत मांडायचे. फेरीचा वेळ स्थिर झाल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही गोष्टीला हात लावायचा नाही.

आता मुख्य परीक्षा. विमान सरळ उडत असताना बाहेरचा पंख, म्हणजे उजवा, उंच दिसतो किंवा झुकलेला दिसतो. समजा, झुकलेला दिसला. कोणी म्हणेल, टोकाला वजन जास्त झाले, काढा. कारण बाहेरच्या पंखाच्या टोकात थोडे शिसे घातलेले असते. आतल्या पंखाला तारांचे वजन पेलायचे असते, त्याची भरपाई म्हणून. तराजूला पासंग लावतात तसा हा पासंग आहे. दुसरा म्हणेल, शिशाचा काय संबंध, पंखच पिळलेला आहे. दोघेही अनुभवी, दोघेही ठाम. निवाडा कसा करायचा?

विमान उलटे करायचे. पाठीवर घालून दोन फेऱ्या मारायच्या आणि पुन्हा पाहायचे. वजनाला सुलट-उलट कळत नाही. ते नेहमी जमिनीकडेच ओढते. म्हणून शिसे जास्त असेल तर विमान सुलट असो वा उलट, बाहेरचा पंख जमिनीकडेच झुकेल. पंखातला पीळ मात्र विमानाबरोबर उलटा होतो. सुलट असताना ज्या पीळाने बाहेरचा पंख खाली ढकलला, तोच पीळ विमान उलटे झाल्यावर त्याला वर उचलेल. दोन्ही स्थितींत झुकला तर शिसे काढा. एकीकडे झुकला आणि दुसरीकडे उचलला गेला तर शिशाला हात लावू नका, फ्लॅप किंचित वाकवून पीळ मारा. एका फेरीत वाद मिटतो. कोणाचा अनुभव किती वर्षांचा, कोण मोठ्याने बोलतो, हे पाहावे लागत नाही. श्रोतेहो, आम्ही अनेक चौकशी समित्यांसमोर बसलो आहोत. इतका स्वच्छ पुरावा देणारा साक्षीदार आम्हांला दुसरा भेटलेला नाही.

मग चौकोनी कोलांटीकडे वळायचे. कोपऱ्यात विमान एकदम वळते तेव्हा त्यातल्या प्रत्येक वस्तूचे वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखे होते. सरळ उड्डाणात न जाणवणारे पाच ग्रॅम शिसे तेथे बोलू लागते. कोपऱ्यात बाहेरचा पंख मागे राहून विमान बिजागरीसारखे लचकत असेल तर पासंग जास्त आहे. ही लचक क्षणभरच दिसते. म्हणून उडवणाऱ्याखेरीज आणखी दोन माणसांनी निरनिराळ्या जागी उभे राहून पाहिले पाहिजे.

त्यानंतर तारा पंखातून बाहेर पडतात ती जागा. लहानपणी पतंगाला कण्णी बांधली त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. गाठ बोटभर इकडची तिकडे झाली की तोच पतंग गोता खातो. उडताना हवेच्या अडथळ्याने तारा मागे वाकतात, म्हणून त्यांची जागा वजनाच्या मध्याच्या थोडी मागे ठेवावी लागते. जास्त पुढे ठेवली तर विमानाचे नाक आत वळते आणि डोक्यावर ताण सुटतो. जास्त मागे ठेवली तर नाक बाहेर वळते; सरळ उड्डाणात ओढ छान लागते, पण विमान तिरके सरकते आणि कोपऱ्यातून बाहेर पडताना शेपटी हलते. दोन-दोन मिलिमीटरने सरकवत जायचे, आणि प्रत्येक वेळी वाऱ्यात डोक्यावरची आकृती करून पाहायची.

शेवटी वजनाचा मध्य आणि हँडल. येथे फसगत होते, कारण दोन्हींचा परिणाम हाताला सारखा लागतो. विमान फार चपळ वाटते, त्याचे कारण शेपटी जड असेल किंवा हँडलवर दोन तारांमधले अंतर जास्त असेल. ओळखायचे असे: सरळ उड्डाणात हात छातीशी धरून अगदी स्थिर ठेवा. हात स्थिर असूनही विमान वरखाली डुलत राहिले तर शेपटी जड आहे. हात स्थिर असताना विमानही स्थिर आणि हात हलला की उसळते, तर हँडलवरचे अंतर कमी करा. वजनाचा दोष हँडलने झाकता येतो हे खरे. पण तो झाकला जातो, जात नाही. म्हणून आधी मध्य, मग हँडल. हा क्रम आम्ही बदलू देत नाही.

या सर्व कामाला नियम दोन. एका उड्डाणात एकच बदल करायचा, आणि केलेला प्रत्येक बदल वहीत लिहायचा. शिसे काढले, ताराही सरकवल्या आणि विमान सुधारले, तर कशाने सुधारले ते कोणीच सांगू शकत नाही. बिघडले तरी तेच. घाई करणाऱ्याला हा नियम जाचतो. एका सकाळी आठ उड्डाणे झाली तर आठच बदल होणार. पण आठ गोष्टी पक्क्या कळून घरी जाणे हे चाळीस तर्क घेऊन जाण्यापेक्षा बरे.

इथवर विमानाचे झाले. आता हाताकडे येऊ. आमच्या मुद्द्याचे मर्म तेथे आहे.

माणसाचा हात फार गुणी आहे. त्याला वाईट यंत्र दिले तरी तो काही दिवसांत त्याच्याशी जमवून घेतो. ज्याचे विमान डोक्यावर सैल पडते तो डोक्यावर आकृती आली की दोन पावले मागे सरतो आणि तारा ताणून घेतो. ज्याचे विमान खालच्या कोपऱ्यात उशिरा वळते तो हातभर आधीच मनगट उचलतो. महिन्याभरात ही सवय अंगात इतकी मुरते की आपण काही विशेष करतो आहोत हे त्यालाही जाणवत नाही. विचारले तर तो शपथेवर सांगेल, विमान उत्तम आहे. आणि त्याच्या हातात ते उत्तमच दिसते. आपल्या भाषेत याला सांभाळून घेणे म्हणतात. माणसामाणसांत हा मोठा गुण आहे. यंत्राच्या बाबतीत मात्र सांभाळून घेणारा हात दोषाला पाठीशी घालतो. वारा नसेल, माणूस ताजातवाना असेल, तोवर निभावते. ज्या दिवशी वारा सुटतो, पाय थकलेले असतात किंवा हँडल दुसऱ्याच्या हातात असते, त्या दिवशी सांभाळून घेतलेला दोष एकदम बाहेर येतो.

म्हणून आमच्या मैदानावर रीत अशी आहे की जुळवलेले विमान शेवटी दुसऱ्याच्या हातात द्यायचे. त्याला आधी काही सांगायचे नाही. त्याने उडवून झाल्यावर काय आढळले ते बोलायचे आणि मालकाने मध्ये न बोलता ऐकायचे. दोन निरनिराळ्या हातांना तोच दोष लागला तर दोष विमानात आहे. एकालाच लागला तर हाताकडे पाहायचे.

याला जोडून कारखान्यातली एक हकीकत सांगतो. एका प्रेसवर एक जुना कामगार वर्षानुवर्षे काम करीत होता. तो रजेवर गेला आणि त्याच्या जागी नवा मुलगा बसवला. तिसऱ्या दिवशी मुलाची दोन बोटे गेली. चौकशीत कारण लिहिले गेले, अननुभव आणि निष्काळजीपणा. आम्ही जुन्या कामगाराच्या घरी गेलो. तो म्हणाला, “अहो दादा, ती प्रेस पेडल सोडल्यावरही कधीमधी एक ठोका जादा मारते. मला ठाऊक होतं, मी हात उशिरा घालायचो. सांभाळून घ्यायचो.” त्याने कधी तक्रार केली नव्हती, कारण त्याच्या मते तक्रार करण्यासारखे काही नव्हतेच, त्याचा हात जमवून बसला होता. आम्ही मागणी एवढीच केली की प्रेसमध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून दोन तास पेडल मारून ठोके मोजावेत. दोन तासांत तीन ठोके जादा पडले. अहवाल बदलला. बोटे काही परत आली नाहीत.

त्या जुन्या कामगाराला आम्ही दोष देत नाही. त्याचे कौशल्य खरेच होते. पण त्या कौशल्याने जे झाकले गेले त्याची किंमत दुसऱ्याने दिली. म्हणून आम्ही आमच्या सभासदांना सांगत असतो की यंत्राशी जमवून घेता आले याचा अभिमान जरूर बाळगा. पण कशाशी जमवून घेतले ते वहीत लिहा आणि पाळी बदलताना पुढच्या माणसाला सांगा.

याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. नाहीतर युनियनवाला एकाच बाजूने बोलला असे आपण म्हणाल आणि ते रास्त होईल. कधी कधी दोष हाताचाच असतो. विमान दुसऱ्याच्या हातात सुरळीत उडते, तिसऱ्याच्याही उडते आणि आपल्या हातात तेवढे उसळते. अशा वेळी शिसे काढणे, तारा सरकवणे, नवे इंजिन आणणे हे सारे पळवाटा शोधणे आहे. काही मंडळी वर्षात तीन विमाने बदलतात. मनगट बदलत नाहीत. हात सुधारायचा असेल तर विमान जसेच्या तसे ठेवून शंभर उड्डाणे करावी लागतात. तेव्हा आम्ही तितक्याच ठामपणे सांगतो की विमान निर्दोष आहे, सराव वाढवा. हे सांगण्याचा अधिकार मात्र आधी विमान तपासलेल्यालाच आहे. विमान न तपासता हाताला दोष देणे सोपे असते, कारण यंत्र दुरुस्त करायला पैसे पडतात आणि माणसाला बोल लावायला काही पडत नाही.

आमच्या मैदानावर एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी येते. तिचे वडील फिटर आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर तिने पहिल्यांदा उलटे उड्डाण केले. उतरल्यावर सगळे तिचे कौतुक करीत होते. ती वही काढून वडिलांना म्हणाली, “बाबा, उलटं असताना बाहेरचा पंख वर होता. सुलट असताना खाली होता. म्हणजे पीळ आहे ना?” वडिलांनी फ्लॅप हातात धरून पाहिला आणि मान डोलावली. कोणी रागावले नाही, कोणी सफाई दिली नाही. दोष सापडला याचा त्या दोघांना आनंद झालेला आम्ही पाहिला. कारखान्यात दोष सापडला की माणसे नजर चुकवतात. दोष दाखवणाऱ्याला शिक्षा होणार नाही एवढी खात्री असली तर माणसे तो आपण होऊन दाखवतात, हे आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर वर्षानुवर्षे सांगत आलो. मैदानावर ते रोज घडताना दिसते.

आपणांपैकी पुष्कळांना विमान उडवायचे नसेल. पण प्रत्येकाच्या हाताखाली काही ना काही यंत्र आहे: शिलाईचे असेल, छपाईचे असेल, पाण्याचा पंप असेल, घरातला गॅस असेल. त्याच्याशी आपण कोठे जमवून घेतले आहे, कोणता खटका दोनदा दाबावा लागतो, कोणती कळ थोडी तिरकी धरावी लागते, याची एकदा आठवण करून पाहावी. ज्या गोष्टी आपल्याला आता खटकतही नाहीत त्या नव्या माणसाला विचाराव्यात. त्याचा हात अजून कोरा आहे. आणि अपघात झाला, कोणी चुकले असे ऐकले, तर निवाडा देण्याआधी विमान उलटे करून पाहिले का, एवढे विचारावे.

पावसाळा लागेपर्यंत दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही मैदानावर असतो. वारा कमी असतो तेव्हाच उडवतो. यावे, पाहावे, आणि तारांच्या वर्तुळाबाहेर उभे राहावे.